'कशावरून?' आणि 'कोण जाणे!' : निस्सीम इझिकेल यांची विंचवाची कविता

निस्सीम इझिकेल हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत एका बेने इस्राएल कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील मोझेस इझिकेल विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत, आई स्वतःची शाळा चालवीत असत. इझिकेल यांनी कविता लिहिली ती इंग्रजीत. पण मराठी कवितेशी त्यांचे नाते तुटलेले नव्हते. इंदिरा संत यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद त्यांनी वृंदा नाबर यांच्याबरोबर केला व तो १९७४ साली पुस्तकरूपाने निघाला. १९८३ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, १९८८ साली पद्मश्री. ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईतच ते वारले. आपल्यात त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. मात्र अभिमान बाळगणे आणि वाचणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

प्रस्तुत लेखात त्यांच्या एकाच कवितेचा विचार करायचा आहे. 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन', म्हणजे विंचवाची रात्र, ही ती कविता. १९६५ साली निघालेल्या 'द एक्झॅक्ट नेम' या संग्रहात ती आहे. भारतात आणि इंग्लंडातही ती शाळांतून शिकविली गेली आहे. वर्गात तिचे दोन अर्थ ठरून गेलेले असतात. एक, विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा. दुसरा, आईची माया. दोन्ही अर्थ चुकीचे नाहीत, पण त्यांतून कवितेतला एक महत्त्वाचा धागा निसटतो. शंका घेणारा माणूस आणि 'हे मला कळण्यासारखे नाही' असे म्हणणारा माणूस यांच्यात फरक कोणता, हा तो धागा. आपल्या घरांतून आज या फरकाला फार महत्त्व आले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कवितेची हकीकत थोडक्यात अशी. दहा तास पाऊस लागून राहिला आहे. पावसाने हुसकलेला विंचू घरात शिरून तांदळाच्या पोत्याखाली बसतो, अंधाऱ्या खोलीत आईच्या पायाच्या बोटाला नांगी मारतो आणि पुन्हा पावसात निघून जातो. गावकरी कंदील आणि मेणबत्त्या घेऊन जमतात, देवाचे नाव घेतात, विंचू शोधतात. तो सापडत नाही. विंचू जसजसा हलेल तसतसे विष चढेल, तेव्हा तो जागीच बसो, असे ते म्हणतात. मागच्या जन्मीचे पाप आज जळून जावो, पुढच्या जन्मीचे भोग कमी होवोत, विषाने देहातली वासना आणि मनातली हाव शुद्ध होवो, अशी त्यांची प्रार्थना चालते. आई चटईवर तळमळत असते. कवितेतल्या बापाला कवीने 'संशयवादी' आणि 'बुद्धिवादी' अशी दोन विशेषणे दिली आहेत. हा बाप शाप, आशीर्वाद, पूड, काढा, झाडपाला, सारे करून पाहतो. दंश झालेल्या बोटावर थोडे रॉकेल ओतून काडीही लावतो. एक साधुपुरुष मंत्राने विष उतरवू पाहतो. वीस तासांनी वेदना ओसरते. आई एवढेच म्हणते की, देवाचे उपकार, विंचवाने मला गाठले आणि माझ्या मुलांना सोडले. कविता येथे संपते.

आता त्या विशेषणाकडे वळू. मराठीत 'संशय' हा शब्द बदनाम आहे. संशयी नवरा, संशयी सासू, संशयाचे भूत, असेच शब्द आपल्या कानावर पडतात. परंतु भारतीय न्यायशास्त्रात संशयाला मानाचे स्थान आहे. गौतमांनी जे सोळा पदार्थ सांगितले त्यांत प्रमाण व प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा संशय येतो. कारण संशय उत्पन्न झाल्याखेरीज शोध सुरू होत नाही. ग्रीक भाषेतही 'स्केप्टिकोस' याचा मूळ अर्थ शोध घेणारा, तपासून पाहणारा असाच आहे. हिब्रूत शंकेला 'सफेक' म्हणतात आणि शंका घेणाऱ्याला 'सफ्कान'. बाजारात, बसमध्ये 'एन सफेक', म्हणजे 'शंकाच नाही', हे शब्द आपण रोज ऐकतो.

'अज्ञेयवादी' हा शब्द त्या मानाने अगदी अलीकडचा. डार्विनचे पाठीराखे टॉमस हेन्री हक्सले यांनी १८६९ साली लंडनमध्ये 'अग्नॉस्टिक' हा शब्द घडविला. आसपासच्या सर्व विद्वानांजवळ काही ना काही वाद होता आणि अंतिम सत्य आपल्याला गवसले आहे अशी प्रत्येकाची खात्री होती. आपल्याला ते गवसलेले नाही, हे सांगण्यासाठी हक्सले यांना एक नाव हवे होते. पुढे हा शब्द मुख्यतः एकाच प्रश्नाला चिकटला: ईश्वर आहे की नाही, आणि मृत्यूनंतर काही आहे की नाही. त्यावर अज्ञेयवादी म्हणतो की हे माणसाला कळण्यासारखे नाही, निदान मला तरी कळलेले नाही. नास्तिक मात्र 'नाही' असे ठासून सांगतो. म्हणून अज्ञेयवादी हा नास्तिक नव्हे.

हा फरक आपल्या रोजच्या बोलण्यातल्या दोन शब्दप्रयोगांनी अधिक चांगला समजेल. संशयवादी विचारतो, 'कशावरून?' अज्ञेयवादी म्हणतो, 'कोण जाणे!' पहिला प्रश्न आहे आणि त्याला उत्तर हवे आहे. तो कोणत्याही विधानाला विचारता येतो: मंत्राला, औषधाला, पुढाऱ्याच्या भाषणाला, शास्त्रज्ञाच्या निबंधालासुद्धा. दुसरे एक उत्तर आहे, आणि ते ठरावीक प्रश्नांनाच शोभते. पहिली ही काम करण्याची रीत आहे. दुसरी म्हणजे एका जागी पोहोचून थांबणे.

प्राचीन संशयवाद्यांना हा फरक पुरता ठाऊक होता. सेक्स्टस एम्पिरिकस नावाचा एक ग्रीक लेखक होऊन गेला. तो व्यवसायाने वैद्य होता. त्याने शोध घेणाऱ्यांचे तीन वर्ग केले: सत्य सापडले म्हणणारे, सत्य सापडणे शक्यच नाही म्हणणारे, आणि अजून शोधत असलेले. संशयवादी तो तिसऱ्या वर्गात घालतो. दुसऱ्या वर्गाशी त्याचे पटत नाही, कारण 'हे कधीच कळणार नाही' हेदेखील एक ठाम विधानच आहे आणि त्यालाही 'कशावरून?' असे विचारता येते. तेव्हा ही दोन्ही माणसे एकाच बाकावर बसलेली दिसली, तरी त्यांची तोंडे एकाच दिशेला नसतात.

ही दोन मापे हाती घेऊन कवितेतल्या बापाकडे पाहू. (हा बाप म्हणजे प्रत्यक्ष प्राध्यापक मोझेस इझिकेलच, असे धरून चालू नये, कवितेतला 'मी' आणि त्याचे घर हे कवीने घडविलेले असते.) समीक्षक सहसा म्हणतात की बायको तळमळू लागताच या माणसाचा बुद्धिवाद गळून पडला आणि कवीने त्याचा उपहास केला. मला हा अर्थ फार सोपा वाटतो. ज्याचे माणूस समोर तळमळते आहे त्याने जे सुचेल ते करावे, यात हसण्यासारखे काही नाही. पण त्याच्या हातून नेमके काय घडले ते पाहिले पाहिजे. दिवसाउजेडी जो 'कशावरून?' विचारीत असे, तो त्या रात्री प्रत्येक उपायाला 'कोण जाणे, लागू पडेलही' असे म्हणू लागला. विंचवाचे विष कशाने उतरते हा प्रश्न ईश्वराच्या अस्तित्वासारखा नाही. तो पाहून, मोजून, ताडून उलगडणारा आहे. अशा प्रश्नाला 'कोण जाणे' म्हटले की सर्व दरवाजे उघडतात आणि मंत्रापासून रॉकेलपर्यंत सारे आत येते. येथे बाप श्रद्धाळू झालेला नाही. त्याने अज्ञेयवाद्याचे उत्तर भलत्या प्रश्नाला दिले आहे.

आणखी एक गोष्ट आहे. सारे उपाय एकदम केल्यामुळे कशाने गुण आला हे कोणालाच सांगता येणार नाही. पुडीवाला म्हणेल पुडीने, साधू म्हणेल मंत्राने, गावकरी म्हणतील पाप जळाल्याने. खरा संशयवादी असता तर त्याच्या लक्षात आले असते की यांतील कोणालाच श्रेय देण्यास आधार नाही. कवीच्या मात्र हे लक्षात आहे. त्याने कोणत्याही उपायाला श्रेय दिलेले नाही; त्याने फक्त तास मोजले आहेत. वीस तास गेले आणि वेदना गेली, एवढेच तो सांगतो. सगळ्या कवितेत खरी संशयवादी नजर असेल तर ती या आकड्यात आहे.

आता गावकरी. त्यांच्याजवळ जी उपपत्ती आहे ती सर्वांत परिपूर्ण आहे. वेदना वाढली तर पाप जळते आहे. कमी झाली तर जळून गेले आहे. बाई वाचली तर या जन्मी भले, नाही वाचली तर पुढल्या जन्मी. घडेल ते सर्व या उपपत्तीत बसते, आणि ती खोटी ठरावी असे काही घडूच शकत नाही. कवी म्हणतो की त्यांच्या चेहऱ्यांवर समजूत पटल्याची शांती होती. संशयवाद्याला सर्वांत आधी खटकायला हवी ती हीच शांती. मराठी वाचकाला येथे एकनाथांचे विंचवावरचे भारूड आठवल्याखेरीज राहणार नाही. त्या भारुडात विंचू हाच कामक्रोध आहे. येथे गावकरी उलट विषानेच वासना जाळू पाहतात. पण एकनाथांचा विंचू हे रूपक आहे, आणि या घरात एक हाडामांसाची बाई चटईवर तळमळते आहे. रूपकाने तिच्या पायाचा ठणका थांबत नाही.

या गावकऱ्यांना आपण पूर्वी भेटलेले आहोत. ईयोबाच्या पुस्तकातले त्याचे मित्र आठवावेत. त्यांच्याजवळही अशीच परिपूर्ण उपपत्ती होती: तू भोगतो आहेस, त्याअर्थी तू पाप केलेस. ईयोब देवावरचा विश्वास टाकीत नाही, पण मित्रांना सारखा विचारीत राहतो: कशावरून? माझे पाप दाखवा. पुढे वावटळीतून देव बोलतो आणि सृष्टी कशी मांडली हे तुला ठाऊक आहे काय, असे उलट ईयोबालाच विचारतो. तेव्हा ईयोब हात तोंडावर ठेवतो. म्हणजे मित्रांपुढे तो 'कशावरून?' म्हणतो आणि सृष्टीपुढे 'कोण जाणे!' म्हणतो, दोन्ही योग्य जागी. विशेष हे की शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो त्यांना सुनावतो. आव्ह महिन्याच्या नवमीला, ज्याला आपल्या कोकणातल्या माणसांनी 'बिरड्याचा रोजा' म्हटले, त्या दिवशी वाचायला मोकळीक असलेल्या मोजक्या पुस्तकांत हे पुस्तक आहे. प्रश्न विचारणाऱ्याला आपल्या परंपरेने बाहेर घालविलेले नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

'कशावरून?' या प्रश्नाने काय साधते, याचे एक उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यातले आहे, आणि तेही विंचवाचेच. बहुतेक विंचवांचा दंश भयंकर ठणकतो आणि काही तासांत उतरतो. कोकणातला लाल विंचू मात्र जिवावर उठतो. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात सरकारी दवाखान्यात काम करू लागले तेव्हा गंभीर दंश झालेल्या दर १०० रोग्यांपैकी सुमारे ४० दगावत. कोणी मांत्रिकाकडे जाऊन उशिरा येत, पण दवाखान्यातले रूढ उपचारही फारसे उपयोगी पडत नव्हते. डॉ. बावस्करांनी मंत्राला प्रश्न विचारला तसाच या उपचारांनाही विचारला. रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी रक्तदाब, नाडी, श्वास यांची नोंद ठेवली. विष हृदयावर व रक्तवाहिन्यांवर ताण आणते आणि मग फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी लक्षात घेतले. रक्तदाबावरचे 'प्राझोसिन' हे औषध त्यांनी १९८० च्या दशकात वापरून पाहिले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. त्यांचे लेख लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'विंचवाचे विष, कोण जाणे कोणाला कसे बाधते' असे म्हणून ते स्वस्थ बसले असते, तर महाड-पोलादपूरच्या किती घरांतून दिवा विझला असता, याचा विचार करावा.

मग 'कोण जाणे' हे उत्तर निरुपयोगी आहे काय? तसे मुळीच नाही. त्याची योग्य जागा कोणती हे हक्सले यांच्याच आयुष्यातून दिसते. १८६० साली त्यांचा थोरला मुलगा नोएल तापाने गेला. तो चार वर्षांचाही झाला नव्हता. चार्ल्स किंग्जले हे धर्मोपदेशक आणि कादंबरीकार त्यांचे स्नेही. त्यांनी सांत्वनाचे पत्र लिहिले. त्यात आत्म्याच्या अमरत्वाचा आधार होता. त्या क्षणी तो आधार घेणे किती सोपे होते! हक्सले यांनी दीर्घ उत्तर लिहिले. त्याचा आशय असा की मी अमरत्व मान्यही करीत नाही आणि नाकारीतही नाही. मानायला मला कारण दिसत नाही आणि खोडून काढायला साधन नाही. 'अग्नॉस्टिक' हा शब्द घडण्याला अजून नऊ वर्षे होती, पण ती वृत्ती मुलाच्या मृत्यूच्या दुःखात पुरी कसोटीला लागली. अज्ञेयवाद म्हणजे आळस, किंवा 'मला काय त्याचे' अशी बेफिकिरी, असे समजणाऱ्यांनी हे पत्र ध्यानात ठेवावे. कवितेतल्या बापाशी या बापाची तुलना करता येईल. एकाने भीतीपोटी, जे तपासता येते त्याला 'कोण जाणे' म्हटले. दुसऱ्याने दुःखातही, जे तपासता येत नाही तेथेच 'कोण जाणे' म्हटले.

कवितेचा शेवट आईकडे येतो. ती 'कशावरून?' म्हणत नाही, 'कोण जाणे' म्हणत नाही. ती उपकार मानते. तिच्या शब्दांत विष कसे उतरले याविषयी काही विधान नाही, म्हणून त्यांना पुरावा मागणे अस्थानी ठरेल. तिचा मुलगा, म्हणजे कवितेतला निवेदक, हे शब्द जसेच्या तसे सांगतो आणि गप्प बसतो. 'आमेन' म्हणत नाही, हसत नाही, खोडूनही काढीत नाही. मला या कवितेचे मोठेपण येथे दिसते. उपायांच्या बाबतीत तो संशयवादी राहिला, त्याने तास मोजले. आईच्या देवाच्या बाबतीत तो अज्ञेयवादी राहिला, त्याने मौन धरले. बापाला ज्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या नाहीत, त्या मुलाने ठेवल्या.

कवितेत एक दोषही आहे. कवी सुरुवातीलाच जमलेल्या गावकऱ्यांना माश्यांच्या थव्याची उपमा देतो. त्यांच्या मतांवर शंका घेणे रास्त, पण ही माणसे मुसळधार पावसात, रात्रीच्या वेळी, कंदील घेऊन शेजाऱ्याच्या बाईसाठी आलेली आहेत आणि रात्रभर बसलेली आहेत. संशय विधानावर घ्यावा, ते बोलणाऱ्या माणसाच्या किमतीवर घेऊ नये. त्या उपमेत शहरी शिक्षणाचा थोडा ताठा आहे. कविता पुढे जाते तसा तो ताठा निवळतो, पण उपमा राहतेच.

विधानावरचा संशय आणि माणसावरचा संशय यांतला हा भेद आपल्या समाजाला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. १९६२ साली येथील मुख्य रब्बीमंडळाने सूचना काढल्या की वधू किंवा वर बेने इस्राएल असेल तर आई, आईची आई अशा क्रमाने शक्य तितक्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. पूर्वजांनी घटस्फोटाचे आणि हलित्झाचे नियम पाळले होते की नाही, याविषयी त्यांना 'सफेक' होता. वरवर पाहता हा संशयवादच. पण खरा संशयवादी प्रत्येकाला सारखाच प्रश्न विचारतो आणि सुरुवात स्वतःपासून करतो. एकाच समाजाला निवडून विचारलेली शंका हा संशयवाद नव्हे. मराठीत त्याला 'वहीम' म्हणतात. आपल्या लोकांनी त्यावर 'कोण जाणे, आपले पूर्वज कसे होते' असे म्हणून मान खाली घातली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात ते यरुशलेमला जमले आणि त्यांनी उलट विचारले: आमच्यापुरतीच ही शंका कशावरून? १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत असे जाहीर केले, आणि त्यानंतर सूचनांतून आपले नाव गळून तेथे सर्वसाधारण शब्द आले. 'कशावरून?' हा प्रश्न केवळ देवाविरुद्ध विचारतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हा इतिहास आठवावा.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली पूर्वापार कथा. ती कोणत्या साली घडली, सातच जोडपी होती काय, याला आजही 'कोण जाणे' हेच प्रामाणिक उत्तर आहे. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात बेने इस्राएलांच्या वंशात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश मोठ्या प्रमाणात आढळले. म्हणजे काल जे अज्ञेय वाटत होते त्यातले थोडे आज ज्ञेय झाले. यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. 'कोण जाणे' म्हणताना 'आजपर्यंत तरी' हे शब्द मनात असू द्यावेत. आणि माणसाचे यहुदीपण रक्ताच्या थेंबावर टांगू नये, कारण ते कसोटीच्या नळीत मावण्यासारखे नाही.

आता घरातला प्रश्न. आपल्या कुटुंबांतून नातू किंवा नात किप्पूरच्या, म्हणजे दारफाळणीच्या सणाच्या दिवशी सिनेगॉगला यायला कुरकुरते, आणि आजी म्हणते, 'नास्तिक झाला मेला!' शाळेतून 'दाती' आणि 'हिलोनी' अशा दोनच चिठ्ठ्या मुलांना मिळतात, आणि ती त्यांतली एक कपाळाला लावून घेतात. वडीलधाऱ्यांनी जरा थांबून त्याचे बोलणे ऐकावे. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावरची खूण एलियाहू हनबीच्या रथाचीच कशावरून, असे तो विचारीत असेल, तर तो सफ्कान आहे. हा प्रश्न दगडाविषयी आहे आणि दगडाचा जाणकार त्याला उत्तर देऊ शकेल. त्या उत्तराने मलिद्याचे ताट बाटणार नाही. देव ऐकतो की नाही हे मला माहीत नाही, असे तो म्हणत असेल, तर तो अज्ञेयवादी आहे, आणि हे 'मला माहीत नाही' त्याला हक्सले यांच्याप्रमाणे कदाचित रात्री जागून मिळाले असेल. दोघांनाही एकच शिवी देऊन मोकळे होणे अन्यायाचे आहे. तरुणांनीही आपली बाजू तपासावी. देवाच्या बाबतीत 'पुरावा दाखवा' म्हणणारा तरुण पुष्कळदा वर्तमानपत्रातले भविष्य वाचतो आणि मनगटाला लाल दोरा बांधतो. तो देवापुरता अज्ञेयवादी असेल, संशयवादी मात्र नाही. उलट असे कितीतरी जुने लोक होते की ज्यांनी शब्बाथ एकदाही मोडला नाही, पण गंडेदोरे करणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. त्यांना 'संशयवादी' हा शब्द ठाऊक नव्हता. रीत ठाऊक होती.

तालमूदमध्ये पंडितांचा वाद संपत नाही आणि दोन्ही बाजू तुल्यबळ राहतात, तेव्हा शेवटी एक शब्द येतो: 'तेकू', म्हणजे प्रश्न उभा राहू दे. आपली नातवंडे फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला की हाच शब्द वापरतात. परंपरेने या शब्दाची फोड अशी केली आहे की तिश्बी, म्हणजेच एलियाहू हनबी, येईल तेव्हा सर्व अडचणी आणि प्रश्न सोडवील. ही फोड भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नसेलही. पण तिच्यातली वृत्ती मोलाची आहे. प्रश्न खुला ठेवला म्हणून पंडितांचे जेवण, प्रार्थना, व्यवहार थांबले नाहीत. शंका असताना कसे वागावे याचेही त्यांनी नियम केले. आपल्या कोकणातल्या पूर्वजांजवळ शतकानुशतके तालमूद नव्हता, पण एलियाहू हनबी होता. मुलगा आजारातून उठला, परीक्षेत पास झाला, मुलीचे लग्न ठरले की त्याच्या नावाने मलिदा करीत आणि उपकार मानीत.

तोच मलिदा आज लोद, अश्दोद, बेएर-शेवा आणि दिमोना येथील घरांतून होतो. त्या ताटाभोवती श्रद्धाळू बसतात, 'कशावरून?' विचारणारे बसतात, 'कोण जाणे' म्हणणारेही बसतात. इझिकेल यांच्या कवितेतली आईही त्याच पंगतीत शोभली असती आणि तिचा गप्प बसलेला मुलगाही. त्याला आमेन म्हणायला कोणी भाग पाडू नये. ताटातला घास मात्र त्याच्याही हातावर ठेवावा.